हरताळाखालची ओळ

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या रागिणी दाणी या चित्रकलेच्या बाईंची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. बत्तीस वर्षं अकोल्याच्या शाळेत शिकवलं, पण ब्रश धुवायचं पाणी त्यांनी कधी कुण्या मुलीला आणायला सांगितलं नाही. बादली स्वतः नळावर न्यायच्या, स्वतः भरायच्या आणि प्रत्येक बाकावरच्या वाटीत स्वतः पाणी घालत फिरायच्या. कंबर धरली, गुडघे कुरकुरू लागले, तरी तेच. निरोप समारंभात एका सहकाऱ्यानं भाषणात याचं फार कौतुक केलं. "एवढी मोठी कलावंत बाई, पण गर्व कसा तो नाही," म्हणाले. टाळ्या पडल्या. रागिणीबाई खाली मान घालून बसल्या. लोकांना वाटलं, बाई संकोचल्या.

बाईंनी लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, नंतर घरात एकट्याच. त्यांचं अक्षर मोठं देखणं होतं, म्हणून शाळेत असतानाच लोक त्यांच्याकडून मानपत्रं लिहून घेत. फ्लेक्स आले, छापील चौकटी आल्या, तशी ही कामं कमी झाली. तरी वर्षाकाठी चार-पाच माणसं जिना चढून यायचीच. कुणाच्या वडिलांची पंच्याहत्तरी, कुठल्या डॉक्टरांचा सत्कार. हातानं लिहिलेल्या अक्षराची किंमत कळणारे थोडे लोक अजून उरले होते.

गेल्या दिवाळीनंतर आयर्लंडहून फोन आला. बोलणारीचं नाव आचल तायडे. मूळची हिवरखेडकडची, आता डब्लिनमध्ये एका दवाखान्यात नर्स.

"मॅडम, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा सत्कार करून राहिलो आम्ही जुन्या मुली. सर त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. मले फ्लेक्स नको. इथं काचेच्या पेटीत एक पोथी ठेवलेली आहे. बाराशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी हातानं लिहिलेली. तसं मानपत्र पाहिजे. फोटो पाठवते."

फोटो आले आणि बाई त्यात हरवूनच गेल्या. पहिलं अक्षर अर्ध्या पानाएवढं. त्याच्या पोटात दोरखंडासारख्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या, त्या पट्ट्यांना मधेच पक्ष्यांच्या चोची फुटलेल्या, कुठे एखादा लांब कुत्रा स्वतःचंच शेपूट तोंडात धरून बसलेला. आणि अक्षराच्या कडेनं बारीक लाल ठिपक्यांची रांग. बाईंना एकदम रांगोळी आठवली. फरक एवढाच, की इथल्या पट्टीला एक नियम होता. ती एकदा दुसरीच्या वरून जाणार, पुढच्या खेपेला खालून. वर, खाली, वर, खाली. एका जागी चुकलं की सगळी वीण खोटी.

आचलनं मागाहून पार्सल पाठवलं. त्यात एक जाड, दुधी, किंचित लवदार पान होतं.

"हे कशाचं गं?" बाईंनी विचारलं.

"वासराच्या कातड्याचं, मॅडम. त्या काळी त्याच्यावरच लिहायचे."

बाईंनी पान तसंच गुंडाळून माळ्यावर ठेवलं. "बाई गं, आपल्या घरात हे नाही चालायचं," म्हणाल्या, आणि कापसाचा हातकागद आणवला. कापसाच्या मुलखात राहून दुसरं काय शोधायचं? रंग मात्र त्यांनी जुन्या तऱ्हेचेच करायचे ठरवले. काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा आणि हिराकस आणले, त्याची काळी शाई उकळली. नीळ आणली. लाल ठिपक्यांसाठी शेंदूर आणला. आचल म्हणाली होती की त्या साधूंचा लाल रंग म्हणजेही शेंदूरच. आणि पिवळ्यासाठी हरताळ. पुडी बांधताना दुकानदार म्हणाला, "बाई, जहर आहे. हात धुत जा." बाई हसल्या. हरताळ त्यांना माहीत होता. आपले जुने पोथी लिहिणारे ओळ चुकली की तिच्यावर हरताळ फासत आणि वाळल्यावर वरून नवी लिहीत. बोलण्यातला हरताळ तिथूनच आलेला.

मजकूर यायला उशीर झाला, म्हणून बाईंनी आधी चौकट आखायला घेतली. रोज सकाळी दहाला खिडकीपाशी बसायच्या ते तीनपर्यंत. पहिले आठ दिवस झकास गेले. बोरू छान चालत होता, बाभळीच्या डिंकावर सोन्याचा वर्ख नीट बसत होता. मग एके सकाळी मजकूर आला, आणि त्यांनी पहिल्या ओळीतलं नाव वाचलं.

मा. केशवराव सावदेकर, माजी मुख्याध्यापक.

बाईंनी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं उचलून पुढे वाचलं. शाळेचं नाव तेच होतं. आता बंद पडलेली, हिवरखेडकडची मुलींची शाळा. आचल तिथं शिकली ती पुढे दोन-तीन वर्षांनी. तिथं कधीकाळी रागिणी दाणी नावाची पंचवीस वर्षांची बाई एक वर्ष नोकरीला होती, हे तिला कळायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'छत्तीस वर्षांच्या सेवेत सरांनी शाळेतल्या एकाही मुलीच्या केसाला धक्का लागू दिला नाही.'

त्या दिवशी बाई वाटीत पाणी घेऊन बसल्या, आणि ब्रश बुडवताना पाठीमागून त्यांना स्पष्ट ऐकू आलं, "बाई, पानी आनू काय?"

आवाज नवा नव्हता. तेहतीस वर्षांत तो कधी शाळेच्या गलक्यात यायचा, कधी भाजी चिरताना. पण मधे महिने जायचे. आता तो रोज येऊ लागला. बाई ब्रश उचलत आणि मागं न बघता म्हणत, "नको गं. आहे पाणी."

एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी. सातवीच्या एक्केचाळीस मुलींची सहल सातपुड्याच्या पायथ्याशी नदीवर गेली होती. सोबत केशवराव सर आणि नवीन आलेल्या दाणी बाई. जेवणं झाली, सर पलीकडे मुलींना मोहाची झाडं दाखवायला घेऊन गेले. बाई खडकावर बसून समोरचा डोंगर रंगवत होत्या. चित्र फार सुरेख उतरत होतं. वाटीतलं पाणी गढूळ झालं. चित्रकलेची वेडी एक मुलगी, भागीरथा महादेवराव काळमेघ, दिवसभर त्यांच्या पाठीशी उभी राहून बघत होती.

"बाई, पानी आनू काय?"

"आण," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही.

मग डोंगराची निळी कड ओली करायला ब्रश उचलला तेव्हा वाटी आली नव्हती. किती वेळ गेला होता, हे बाईंना कधीच सांगता आलं नाही. उठून बघितलं तर डोहाच्या काठी वाटी होती आणि शेवाळलेल्या दगडावर पाय घसरल्याची लांब खूण. सर ओरडत मुली मोजत होते. चाळीस भरत होत्या. पुन्हा मोजत होते, पुन्हा चाळीस.

तेव्हापासून बाई मोजत. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे कपडे, ताटातल्या शेंगा. चाळीसच्या आत काही संपलं की बरं वाटे.

शाळेच्या अहवालात आलं, की विद्यार्थिनी सूचना न ऐकता पाण्यात उतरली. अहवाल सरांनी लिहिला होता. बाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि बाई बोलल्या नाहीत. जूनमध्ये त्यांनी ती शाळा सोडली.

आता त्या खिडकीपाशी बसून सरांचं मानपत्र लिहीत होत्या. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून नाही म्हणवेना. चौकटीची वीण उजव्या बाजूला बरोबर त्या परिच्छेदाशेजारी चुकली. पट्टी खालून जायची ती वरून गेली. खरवडून दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी बोट ठेवून, तोंडानं म्हणत आखली, आणि सकाळी बघतात तर पट्टी बरोबर, पण तिच्यावर पाण्याचा एक गोल डाग. खिडकी बंद होती. छत कोरडं होतं. आदल्या दिवशी आपणच सांडलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं, पण वाटी तर त्यांनी रिकामी करून पालथी घातली होती, हेही त्यांना आठवत होतं.

शेवटी एका दुपारी मनाचा हिय्या करून त्यांनी ती ओळ लिहिली. अक्षर बिघडेल असं वाटलं होतं. बिघडलं नाही. सगळ्या पानात ती ओळ सर्वांत देखणी उतरली. काने सरळ, वेलांट्या टपोऱ्या, शाई एकसारखी. बाईंना त्या देखणेपणाचीच भीती वाटली. एवढं खोटं आणि एवढ्या सुंदर अक्षरात! त्यांनी खलात हरताळ घोटला, डिंकात कालवला आणि ओळीवर फासला. पानाच्या मधोमध एक पिवळी जर्द पट्टी राहिली. मग त्यांनी हात धुतले, पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अमरावती गाठली.

सर आता मुलाकडे राहत होते. दार सुनेनं उघडलं. देवश्री नाव तिचं. "बाबांना कमी दिसतं, नाव सांगून बोला," म्हणाली आणि खुर्ची सरकवून आत गेली.

"सर, मी रागिणी. रागिणी दाणी."

म्हातारा बराच वेळ आवाजाच्या रोखानं बघत राहिला. "डोहावरच्या दाणी बाई?"

"हो."

"बसा. मला वाटायचं, तुम्ही कधीतरी याल. मग वाटायचं, आता काही येत नाहीत."

बाईंनी मानपत्राचं सांगितलं, ओळ म्हणून दाखवली. सरांनी ओठ घट्ट मिटले.

"पोरींना म्हटलं होतं, सत्कार नको. ऐकत नाहीत."

"सर, तुम्ही तसं का लिहिलं होतं? सूचना न ऐकता म्हणून?"

"तुम्ही पंचवीस वर्षांच्या होत्या. वाटलं, एक पोर तर गेली, दुसरीचं आयुष्य काहून नासवायचं?" मग म्हणाले, "आणि शाळा. खोटं कशाला बोलू? शाळाही वाचवायची होती. चूक बाईंची म्हटली की ती शाळेची होते. चूक पोरीची म्हटली की कुणाचीच होत नाही."

आतून कुकरची शिट्टी झाली. सर पुढे बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तिचा बाप, महादेवराव, दर पोळ्याला माझ्याकडे यायचा. चोवीस वर्षं आला. मी इथं आलो तर इथं यायचा. हात जोडून म्हणायचा, सर, पोट्टी आमची आगाऊच होती, तिच्यापायी तुमाले लय तरास झाला, माफी करा. माझ्याकडे माफी मागायचा, बाई. आणि मी म्हणायचो, असू द्या, महादेवराव."

"तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. तिची आई आहे," सर म्हणाले. "मला घेऊन चला."

देवश्रीनं कडकडून विरोध केला. एवढ्या लांब, या वयात, कशासाठी? सरांनी सुनेचा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, हे राहिलं तर मला मरता यायचं नाही." दोन दिवसांनी तिनंच गाडी ठरवली. अंजनगाव सुर्जी, अकोट, मग हिवरखेडचा रस्ता. मागे दोघं शेजारी बसले होते. बाई रस्त्याकडेची झाडं मोजत होत्या.

भागीरथेची आई कौशल्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या. केस पांढरेशुभ्र, हात अजून चपळ. त्यांचा मुलगा गजेंद्र, भागीरथेचा धाकटा भाऊ, आता चाळिशीचा. त्यानं सरांना ओळखलं, पाया पडला, खुर्च्या आणल्या. चहा टाकायला सांगू लागला, तर बाई म्हणाल्या, "आधी मला बोलू द्या." आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. खडक, चित्र, वाटी, 'आण' हा शब्द. काही झाकलं नाही. सरांनी अहवालाचं सांगितलं.

सूप थांबलं होतं.

"तुमी धाडलं होतं तिले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"पान्याले?"

"हो. माझ्या रंगाच्या पाण्याला."

"मंग ते आयकूनच गेली," कौशल्याबाई म्हणाल्या. "आगाऊ नोती ते."

गजेंद्र ताडकन उठला. "तेहतीस वर्सं! माहा बाप तुमच्या पाया पडत आला सर, अन् तुमी चहा पाजून वापस धाडत होते? निंघा. निंघा इथून!"

"थांब रे," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कोठं जाऊन राहिले ते? बसू दे." मग ती सरांकडे वळली. "हे तिच्या बापाले आयकू याले पाहिजे होतं. मरताना म्हने, म्याच लाड केले, दोन फटके देल्ले असते तं पोट्टी आयकती. फटके नाई देल्ले म्हून रडत होता तो मानूस, सर."

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"मी काय करू, सांगा," रागिणीबाई म्हणाल्या.

"माह्या सांगन्यानं काय होते?" कौशल्याबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "तवा साऱ्या गावाले सांगतलं होतं, पोट्टी आयकत नोती म्हून. आता साऱ्या गावाले हे सांगा. तसंच, मोठ्यानं."

अकोल्याला आल्यावर बाईंनी आचलला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, पण हे मानपत्र आहे हो," एवढंच शेवटी म्हणाली. तिनं दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: 'सरांशी बोलले. सर म्हणतात तसं लिहा.'

हरताळाची पट्टी आता खडखडीत वाळली होती. बाईंनी वाटी भरली. "बाई, पानी आनू काय?" मागून आवाज आला. या खेपेला बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या वळून बसल्या आणि रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या, डोळे दुखेपर्यंत. मग बोरू उचलला. पिवळ्यावर काळ्या शाईनं लिहिलं: 'सन १९९१च्या सहलीत इयत्ता सातवीची विद्यार्थिनी भागीरथा महादेवराव काळमेघ ही बाईंच्या सांगण्यावरून पाणी आणायला गेली आणि परत आली नाही. ती सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती.' जागा कमी पडली, अक्षर दाटलं, शेवटचे दोन शब्द चौकटीत घुसले. नावाभोवती त्यांनी शेंदराचे ठिपके दिले. ते मात्र मोजले नाहीत.

सत्कार जानेवारीअखेर गावच्या सभागृहात झाला. आचल विमानानं आली होती. मानपत्र सरांना द्यायच्या आधी सरांनीच माइक मागितला आणि ती ओळ पाठ म्हणून दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, अहवाल मी लिहिला होता आणि तो खोटा होता. त्यानंतर रागिणीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सांगणारी बाई मीच.

सभागृहात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं? कुणी म्हणालं, हिला आत टाका. दोन जुन्या मुली हार न घालताच निघून गेल्या. पुढे एक अर्जही झाला, बाईंनी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला, पण जुने कागदच कुणाला सापडेनात. सर त्या उन्हाळ्यात वारले. देवश्रीनं ते मानपत्र दिवाणखान्यात लावलंय. आलेला माणूस आधी त्याची चित्रं बघतो, मग ती ओळ वाचतो आणि विषय बदलतो.

कौशल्याबाई त्या दिवशी सभागृहात आल्या नव्हत्या. बाहेर कडुनिंबाखाली बसून त्यांनी कर्ण्यावरून ऐकलं. बाई बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "घरी येत जा मंधामंधातून."

रागिणीबाई जातात. महिन्यातून एकदा, सकाळच्या गाडीनं. त्या दिसल्या की गजेंद्र बैल सोडतो आणि शेताकडे चालू लागतो. तो त्यांच्याशी अजून बोललेला नाही. आवाज अजून येतो. अकोल्याच्या घरी येतो, एसटीतही येतो. कौशल्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आवाज कसा आहे? घोगरा हाय का? तिले सर्दी होती त्या दिवशी."

क्षमेची भाषा दोघींपैकी कुणी काढत नाही. कौशल्याबाई दर खेपेला त्या एकाच दिवसातलं काहीतरी विचारतात. गाडीत ती खिडकीशी बसली होती का? गाणं म्हटलं का तिनं? बाईंना आठवतं ते त्या सांगतात, न आठवलं तर तसंही सांगतात. गेल्या महिन्यात कौशल्याबाईंनी भाजी निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "जेवली होती काय ते? म्या डबा देल्ला होता."

"जेवली," बाई म्हणाल्या. "भाकर होती आणि तिळाची चटणी. अर्धी भाकर तिनं मला दिली होती."

"खाल्ली तुमी?"

"खाल्ली."

कौशल्याबाईंचे हात थांबले. "तिखट झाली होती ते चटनी," त्या म्हणाल्या. "मले तवाच वाटलं होतं."